दिशा सांगायची तर : कुठून, कुणीकडे, किती?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांतली सहा पत्रं एकाच अडचणीची निघाली, म्हणून या वेळची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. अडचण आहे सदिशाची, म्हणजे किती आणि कुठल्या दिशेला हे दोन्ही सांगावं लागतं अशा राशीची, दिशा सांगण्याची. बल किती, वेग किती, विस्थापन किती, हे मुलं पटकन सांगतात. कुठल्या दिशेला, असं विचारलं की पेन थांबतं. कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवताना दर वर्षी अकरावीच्या पहिल्या चाचणीत मी हे पाहत आले. म्हणून या पत्रांना उत्तरं लिहिताना मला मनापासून आनंद झाला.

प्रश्न : बाई, मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होतो. आता अकरावी सायन्सला आहे आणि सगळं इंग्रजीत आहे. एका उदाहरणात मुलगा ‘थर्टी डिग्रीज ईस्ट ऑफ नॉर्थ’ या दिशेने ५० मीटर चालतो. तो पूर्वेला किती गेला आणि उत्तरेला किती, हे काढायचं होतं. मी पूर्वेला ४३.३ आणि उत्तरेला २५ मीटर काढलं. पुस्तकातलं उत्तर बरोबर उलटं आहे. सूत्र तेच, आकडेमोड तीच. मग माझं चुकलं काय?
— अकरावीचा विद्यार्थी, बार्शी

उत्तर : तुझी आकडेमोड चुकली नाही. तू वाक्य मराठी माणसासारखं वाचलंस, आणि ते वाक्य इंग्रजी होतं.

तुमच्या गावात कुणी पत्ता विचारला तर तू म्हणतोस, ‘भगवंत मंदिराच्या पूर्वेला.’ आधी मंदिर, मग पूर्व. मराठीत ज्याच्यापासून मोजायचं ते आधी येतं, आणि तिथून कुणीकडे वळायचं ते नंतर. इंग्रजीत हा क्रम उलटा असतो. ‘ईस्ट ऑफ नॉर्थ’ यात ज्याच्यापासून मोजायचं ती उत्तर दिशा शेवटी येते. तुझ्या कानावर आधी ‘ईस्ट’ पडलं, तू सवयीने पूर्वेला तोंड करून उभा राहिलास आणि तिथून उत्तरेकडे ३० अंश वळलास. म्हणजे तू काढलेलं उत्तर ‘थर्टी डिग्रीज नॉर्थ ऑफ ईस्ट’चं आहे, आणि त्या प्रश्नाचं ते अगदी बरोबर उत्तर आहे.

ही चूक भाषेची आहे, हे माझ्या लक्षात यायलाही काही वर्षं गेली. सुरुवातीला मी मुलांना पुन्हा पुन्हा त्रिकोणमिती शिकवत राहिले, आणि त्रिकोणमिती तर त्यांना येतच होती. मग एकदा फळ्यावर इंग्रजी वाक्य लिहून मी वर्गाला सांगितलं, याचं आधी मराठी करा. निम्म्या वर्गाने ‘पूर्वेच्या उत्तरेला’ असं केलं. तेव्हा खरं दुखणं सापडलं. तेव्हापासून मी मुलांना सांगत आले : असं वाक्य दिसलं की त्याच्या खाली पेन्सिलने मराठी लिहा, ‘उत्तरेच्या पूर्वेला ३०’. ‘ऑफ’च्या पुढे जी दिशा आहे तिकडे तोंड करून उभे राहा. ‘ऑफ’च्या मागे जी आहे तिकडे वळा. घरी असशील तर खरोखर उठून उभा राहा आणि वळून बघ. हे शरीराला एकदा कळलं की परीक्षेत बाकावर बसूनही कळतं.

कुठलीही दिशा सांगताना तीन गोष्टी सांगाव्या लागतात : कुठून मोजायचं, कुणीकडे वळायचं आणि किती. नुसतं ‘३० अंश’ म्हणणं म्हणजे गावाचं नाव न सांगता ‘तीस किलोमीटर’ म्हणण्यासारखं आहे. ‘उत्तरेच्या पूर्वेला ३०’ यात तिन्ही गोष्टी आल्या. गणिताच्या पुस्तकात ‘कोन ६० अंश’ एवढंच लिहिलेलं असतं, कारण तिथे पहिल्या दोन गोष्टी सगळ्यांनी मिळून आधीच ठरवलेल्या आहेत : एक्स-अक्षाच्या धन बाजूपासून, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. पूर्व म्हणजे धन एक्स आणि उत्तर म्हणजे धन वाय धरलं, तर तुझ्या उदाहरणातल्या मुलाची दिशा ६० अंशांची होते. उत्तरेच्या पूर्वेला ३०, पूर्वेच्या उत्तरेला ६०, गणिती कोन ६०, ही एकाच बाणाची तीन नावं. नाव बदललं म्हणून बाण जागचा हलत नाही.

आता घटक, म्हणजे पूर्वेला किती आणि उत्तरेला किती. तुझ्या वहीत कडेला ‘एक्सला कॉस, वायला साइन’ असं लिहिलेलं असणार. बहुतेक सगळ्यांच्या वहीत असतं. ते फक्त कोन एक्स-अक्षापासून मोजलेला असतो तेव्हाच खरं. त्याऐवजी हे लक्षात ठेव : कोन ज्या रेषेला चिकटलेला आहे, तिच्या वाट्याला कॉस. दुसरीच्या वाट्याला साइन. इथे ३० अंशांचा कोन उत्तरेला चिकटलेला आहे, म्हणून उत्तरेचा घटक ५० गुणिले कॉस ३०, म्हणजे ४३.३ मीटर, आणि पूर्वेचा ५० गुणिले साइन ३०, म्हणजे २५ मीटर. हा नियम तुला उतारावरच्या ठोकळ्यालाही उपयोगी पडेल. उताराचा जमिनीशी जो कोन असतो, तोच कोन वजनाचा बाण आणि उताराला काढलेला लंब यांच्यात असतो. कोन लंबाला चिकटलेला, म्हणून लंबाच्या दिशेला कॉस आणि उताराच्या दिशेला साइन. उतार सपाट करून बघ. कोन शून्य झाला की ठोकळा घसरायला नको, आणि साइन शून्य शून्यच असतं.

आणखी एक सांगते, कारण तू ताळा करून पाहिला असशील. २५ आणि ४३.३ यांच्या वर्गांची बेरीज २५०० च्या जवळ येते, मूळ काढलं की ५०. तुझ्या उलट्या उत्तरालाही हा ताळा जुळतो! घटक अदलाबदल झाले तरी परिमाण तेच राहतं. म्हणजे हा ताळा दिशेची चूक पकडत नाही. दिशेची चूक चित्र पकडतं. उत्तरेपासून फक्त ३० अंश वळलेला माणूस उत्तरेलाच जास्त जाणार, पूर्वेला कमी. मोठा आकडा उत्तरेच्या वाट्याला हवा, हे साइन-कॉसला हात न लावता कळतं. म्हणून उदाहरणाच्या कडेला दोन बोटं जागा सोड आणि तिथे बाण काढ. हिशेब त्यानंतर.

प्रश्न : मॅडम, मी पदविका अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. एका सदिशाचा एक्स घटक उणे ३ आणि वाय घटक ४ होता. कॅल्क्युलेटरवर टॅन इन्व्हर्स केलं तर उणे ५३.१३ अंश येतं. उत्तर १२६.८७ दिलंय. मैत्रिणीच्या कॅल्क्युलेटरवरही तेच येतं. दोन्ही बिघडलेत का?
— विद्यार्थिनी, इचलकरंजी

उत्तर : दोन्ही चांगले आहेत. तू कॅल्क्युलेटरला काय दिलंस ते बघ. तू ४ ला उणे ३ ने भागलंस आणि उणे १.३३ एवढी एकच संख्या त्याच्या हातात दिलीस. उणे ४ ला ३ ने भागलं असतंस तरी हीच संख्या आली असती. उणे चिन्ह एक्सचं होतं की वायचं, ही माहिती भागाकारातच पुसली गेली. आता त्या बिचाऱ्या यंत्राला दोन बाणांतून एक निवडायचा असतो : एक डावीकडे वर गेलेला, दुसरा त्याच रेषेवर पण उजवीकडे खाली गेलेला. असं ठरलेलं आहे की टॅन इन्व्हर्स नेहमी उणे ९० ते अधिक ९० यांच्यातलंच उत्तर देतं, म्हणजे कायम उजव्या अर्ध्या भागातला बाण. तुझा बाण डावीकडचा आहे. म्हणून १८० मिळव : १८० वजा ५३.१३, बरोबर १२६.८७.

नियम एवढाच : एक्स घटक ऋण असेल तर १८० मिळवायचे, धन असेल तर काही करायचं नाही. एक्स आणि वाय दोन्ही ऋण असतील, समज उणे ३ आणि उणे ४, तर कॅल्क्युलेटर ५३.१३ दाखवेल आणि ते बघून तुला सगळं ठीक वाटेल. इथे मुलं सगळ्यात जास्त फसतात, कारण उत्तर धन असतं आणि शंका येत नाही. खरं उत्तर २३३.१३. एक्स ३ आणि वाय उणे ४ असेल तर उणे ५३.१३ हेच बरोबर. ३६० मिळवून ३०६.८७ लिहिलं तरी चालतं. आणि एक्स शून्य असेल तर कॅल्क्युलेटर एरर दाखवेल. तिथे बटण दाबायचंच नाही : बाण सरळ वर आहे की सरळ खाली, एवढं बघून ९० किंवा २७० लिहायचं.

पुढे कधी स्प्रेडशीटमध्ये किंवा प्रोग्रॅम लिहून हे करशील तेव्हा ‘ए-टॅन-टू’ नावाचं फंक्शन वापर. ते दोन्ही घटक वेगवेगळे घेतं, त्यामुळे चिन्हं हरवत नाहीत. मात्र पायथॉन आणि सी या भाषांत त्याला आधी वाय आणि मग एक्स द्यावा लागतो, तर एक्सेलमध्ये आधी एक्स आणि मग वाय. हा फरक माहीत नसेल तर चूक शोधण्यात संध्याकाळ जाते.

कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर वर बारीक अक्षरात डिग्रीचा ‘डी’ आहे का, तेही बघत जा. तोंडी परीक्षेला एका मुलीने मला टॅन इन्व्हर्स १ म्हणजे ०.७८५ असं सांगितलं होतं. यंत्र रेडियनमध्ये होतं. तिला ४५ अंश तोंडपाठ होते, पण समोरच्या आकड्यावर विश्वास ठेवून ती स्वतःचं बरोबर उत्तर खोडत होती. तिचा रडवेला चेहरा मला अजून आठवतो. परीक्षेला जाण्याआधी घरी एकदा टॅन इन्व्हर्स १ करून बघायचं. ४५ आलं की यंत्र तयार आहे.

प्रश्न : आमच्या घरी बोटी आहेत. मुलगी अकरावीला आहे. ‘नैर्ऋत्येचा वारा, ताशी २० किलोमीटर’ याचा बाण काढायचा होता, तर तिने तो नैर्ऋत्येकडे तोंड करून काढला, म्हणजे किनाऱ्याकडून समुद्राकडे. मी म्हटलं, अगं, नैर्ऋत्येचा वारा समुद्राकडून आपल्याकडे येतो, हे आपल्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ती म्हणते, पुस्तकात सदिशाची दिशा म्हणजे बाणाचं टोक. कोण बरोबर?
— एक वाचक, हर्णै

उत्तर : दोघंही बरोबर आहात, आणि म्हणूनच हा प्रश्न फार मोलाचा आहे. पुस्तकातला नियम तुमच्या मुलीला नीट कळला आहे : बाणाचं टोक जिकडे जायचं तिकडे. तुम्हाला वाऱ्याचं नाव कसं पडतं ते माहीत आहे : वारा जिकडून येतो तिकडचं. शाळेच्या भूगोलात नैर्ऋत्य मोसमी वारे हे नाव येतं, ते याच रीतीने. खारे वारेही तसेच, खाऱ्या पाण्याकडून येणारे. वातकुक्कुटाची चोचसुद्धा वारा जिकडून येतो तिकडेच वळते.

म्हणजे नैर्ऋत्येच्या वाऱ्याचा बाण ईशान्येकडे तोंड करून काढायचा. पूर्व धन एक्स आणि उत्तर धन वाय धरली तर कोन ४५ अंश, आणि दोन्ही घटक ताशी १४.१ किमी, दोन्ही धन. मुलीने काढलेल्या बाणात हेच आकडे आले असते, पण दोन्ही ऋण. परिमाण बरोबर आणि बाण सरळ पाठ फिरवून उभा.

हवामानखात्याचे लोक दिशा अंशांतही सांगतात. ते उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजतात, आणि वारा जिकडून येतो तो कोन देतात. नैर्ऋत्येचा वारा म्हणजे २२५ अंशांचा, पश्चिमेचा २७०, वायव्येचा ३१५. त्यावरून गणिताचा कोन हवा असेल तर २७० मधून तो आकडा वजा करायचा. पश्चिमेचा वारा घ्या : २७० वजा २७० शून्य, म्हणजे बाण धन एक्सकडे, पूर्वेला. पश्चिमेचा वारा पूर्वेलाच जातो, बरोबर आलं.

आता जी गोष्ट तुम्ही मुलीला माझ्यापेक्षा चांगली सांगाल ती : पाण्याच्या प्रवाहाची रीत वाऱ्याच्या उलटी आहे. प्रवाहाला तो जिकडे जातो त्या दिशेचं नाव देतात. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा समुद्रप्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उत्तरेकडे. दक्षिणेचा प्रवाह म्हणजे दक्षिणेला नेणारा, आणि दक्षिणेचा वारा म्हणजे उत्तरेला ढकलणारा. एकाच वाक्यात दोन्ही आले तर शिकलेला माणूसही गोंधळतो. ही रीत का पडली असावी, याबद्दल माझं स्वतःचं मत असं : वारा तोंडावर लागतो, म्हणून तो कुठून आला हे आधी कळतं; प्रवाह बोटीला वाहून नेतो, म्हणून तो कुठे नेतोय हे आधी कळावं लागतं. तांडेलाला दोन्हींची गरज वेगवेगळी आहे.

मुलीला हे उदाहरण द्या. बोटीचं नाळ, म्हणजे पुढचं टोक, सरळ पश्चिमेला आहे आणि पाण्यात वेग ताशी १२ किमी. प्रवाह दक्षिणेकडे ताशी ५ किमी. (खरा प्रवाह एवढा जोराचा नसतो, हिशेब सोपा जावा म्हणून हे आकडे.) दोन्ही बाण काटकोनात, म्हणून परिणामी वेग ताशी १३ किमी. दिशा पश्चिमेच्या दक्षिणेला २२.६ अंश. गणिताचा कोन १८० अधिक २२.६, म्हणजे २०२.६. होकायंत्रात तुम्ही हीच दिशा २७० वजा २२.६, म्हणजे २४७.४ अशी वाचाल. तिला वहीत सोडवू दे आणि तुम्ही होकायंत्र समोर ठेवून बसा. दोघांची उत्तरं जुळली की तिचा धडा पक्का झाला.

प्रश्न : सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला प्रिझमॅटिक कंपासने एका रेषेचं बेअरिंग २१० अंश आलं, लांबी ४० मीटर. मेकॅनिक्सच्या तासाला तीच रेषा २४० अंश म्हणाले. दोन शिक्षक, दोन कोन. लिहायचं कोणतं?
— सिव्हिल पदविकेचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : ज्या विषयाचा पेपर त्याचं. दोन्ही एकच रेषा सांगतात.

सर्व्हेवाले उत्तरेपासून काट्यांप्रमाणे मोजतात, मेकॅनिक्सवाले पूर्वेपासून काट्यांच्या उलट. एकाकडून दुसरीकडे जायला ९० मधून वजा करायचं, उत्तर ऋण आलं तर ३६० मिळवायचे. ९० वजा २१० म्हणजे उणे १२०, त्यात ३६० मिळवले की २४०. उलटं जायलाही हेच सूत्र : ९० वजा २४० म्हणजे उणे १५०, ३६० मिळवले की २१०. वेगळं सूत्र पाठ करायची गरज नाही. आणि याच रेषेला चतुर्थांशाच्या पद्धतीने ‘साउथ ३० वेस्ट’ म्हणतात, दक्षिणेच्या पश्चिमेला ३०. मराठीत म्हणून बघ, किती सरळ आहे.

सूत्र आठवतंय का ते तपासताना बरीच मुलं ईशान्य दिशा घेतात. ती घेऊ नकोस. ईशान्य दोन्ही पद्धतींत ४५ आहे, नैर्ऋत्य दोन्हींत २२५. तिथे तू काहीच बदललं नाहीस तरी उत्तर बरोबर येईल आणि खोटा धीर मिळेल. तपासायचं तर पश्चिमेवर तपास : एकीकडे २७०, दुसरीकडे १८०.

घटक काढताना मात्र कोन बदलायचीही गरज नाही. बेअरिंग उत्तरेला चिकटलेलं असतं, म्हणून उत्तरेला कॉस, पूर्वेला साइन. ४० गुणिले कॉस २१० म्हणजे उणे ३४.६ मीटर, हे तुझं लॅटिट्यूड. ४० गुणिले साइन २१० म्हणजे उणे २० मीटर, हे डिपार्चर. दोन्ही ऋण, म्हणजे रेषा नैर्ऋत्येच्या बाजूला गेली. चित्राशी जुळतं.

माझे वडील भूमापक होते. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर शेतांवर जायचे आणि साखळीचं एक टोक धरायचे. ती ३३ फुटांची साखळी. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा. कंपास हातात घ्यायच्या आधी ते खिशातल्या किल्ल्या काढून लांब बांधावर ठेवायचे आणि माझ्या हातून साखळीही खाली ठेववायचे, लांब. लोखंड जवळ असलं की सुई ओढली जाते आणि मग सूत्र कितीही बरोबर असो, कोन चुकतो. तुझ्या पुढच्या प्रॅक्टिकलला हातातलं कडं काढून ठेव. आणि रेषेच्या दुसऱ्या टोकावर जाऊन उलटं बेअरिंगही घे : २१० चं उलटं ३० यायला हवं. दोन्हींत बरोबर १८० चा फरक आला तर दोन्ही ठिकाणी सुई मोकळी होती, असं धरून चालता येतं.

प्रश्न : आपल्याकडे पूर्वापार पूर्व, आग्नेय, दक्षिण, नैर्ऋत्य, पश्चिम, वायव्य, उत्तर, ईशान्य असा दिशांचा क्रम आहे. नातवाच्या पुस्तकातले कोन या क्रमात बसत नाहीत. मग आपला क्रम चुकीचा समजायचा का?
— निवृत्त शिक्षक, वाई

उत्तर : मुळीच नाही, सर. तो क्रम अत्यंत नेटका आहे. तो गणिताप्रमाणे पूर्वेपासून सुरू होतो आणि होकायंत्राप्रमाणे काट्यांच्या दिशेने फिरतो. म्हणजे कुठून मोजायचं ते गणितासारखं, कुणीकडे वळायचं ते खलाशांसारखं. दोन दिशांमध्ये प्रत्येकी ४५ अंश. पूर्व शून्य, आग्नेय ४५, दक्षिण ९०, नैर्ऋत्य १३५. गणिताचा कोन हवा असेल तर ३६० मधून वजा करायचं : आग्नेय ३६० वजा ४५, म्हणजे ३१५. नातवाला एवढं सांगितलंत की दोन्ही पुस्तकं त्याच्यासाठी एक होतील.

हा क्रम असा का, ते भाषेतच दिसतं. दक्षिण या शब्दाचा दुसरा अर्थ उजवा. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या उजव्या हाताला दक्षिण येते. प्रदक्षिणाही उजवीकडून, देवाला उजव्या हाताला ठेवून. वरून बघितलं तर काट्यांच्या दिशेनेच. आमचे वडील बांधावर मला सांगायचे, ‘उगवतीला तोंड कर. आता डावा हात कुठं?’ डावा हात उत्तरेला. पुढे वर्गात मी मुलांना अक्ष शिकवले ते याच वाक्याने : तोंड धन एक्सकडे, डावा हात धन वायकडे, आणि डावीकडे वळणं ते धन वळण. आलेख-कागदाच्या आधी मी मुलांना मैदानात नेत असे.

इंग्रजीत कोपऱ्यांना जोडनावं आहेत, साउथ-वेस्ट वगैरे. आपल्याकडे आग्नेय, नैर्ऋत्य, वायव्य, ईशान्य ही स्वतंत्र नावं आहेत, अग्नी, निर्ऋती, वायू, ईशान यांच्यावरून आलेली. मुलांना ती अवघड वाटतात आणि हल्ली ती ‘दक्षिण-पश्चिम’ लिहून मोकळी होतात. मला त्याचं वाईट वाटतं. एका शब्दात ४५ अंशांचा अचूक कोन सांगण्याची सोय आपल्या भाषेत आहे. नातवाकडून ही आठ नावं आणि त्यांचे कोन समोरासमोर लिहून घ्या.

प्रश्न : मुंबईच्या विमानतळावर धावपट्टीवर मोठ्ठा २७ लिहिलेला असतो. मुंबईत २७ धावपट्ट्या आहेत का?
— इयत्ता सातवी, डोंबिवली

उत्तर : नाही बाळा, मुंबईत एकमेकींना छेदणाऱ्या दोनच आहेत. २७ ही दिशा आहे. त्याच्यापुढे एक शून्य लाव : २७०. होकायंत्राच्या उत्तरेपासून काट्यांप्रमाणे २७० अंश वळलं की पश्चिम येते. २७ वर उतरणारं विमान घाटकोपरच्या बाजूने येतं आणि समुद्राच्या दिशेने धावतं. तीच धावपट्टी दुसऱ्या टोकाकडून बघितली तर तिथे ०९ लिहिलेलं असतं, म्हणजे ९० अंश, पूर्व. २७ मधून ९ गेले १८, म्हणजे १८० अंश, अगदी पाठीला पाठ. अंश दहाच्या पटीत जवळचे धरलेले असतात, म्हणून धावपट्टी दोन-चार अंश तिरकी असली तरी चालतं.

दुसऱ्या धावपट्टीच्या एका टोकाला १४ लिहिलेलं आहे. आता तू सांग : तिच्या दुसऱ्या टोकाला कोणता आकडा असेल? आणि १४ ची दिशा तुझ्या ताईच्या अकरावीच्या पुस्तकातल्या पद्धतीने किती अंशांची होईल? पोस्टकार्डावर आधी बाण काढ, मग उत्तर लिही, आणि मासिकाच्या पत्त्यावर मला पाठव.